विम्याचा हप्ता आणि वेगाचा वर्ग

तुमच्या घरी मोटारसायकल किंवा मोटार असेल, तर तिच्या कागदपत्रांत विम्याचा एक कागद असतो. तो एकदा वडिलांकडून मागून घ्या आणि नीट वाचा. त्यावर मालकाचे नाव, इंजिनाचा क्रमांक, गाडीची किंमत अशी बरीच माहिती असते. आपल्याला त्यातली एकच ओळ पाहायची आहे. 'थर्ड पार्टी' असे शब्द असलेल्या ओळीसमोर एक रक्कम छापलेली असते. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणाचा जीव गेला किंवा कोणाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई देता यावी म्हणून घेतलेल्या विम्याचा हा वर्षाचा हप्ता. रस्त्यावर येणाऱ्या मोटार वाहनाला तो कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या मोडतोडीचा विमा वेगळा; तो ऐच्छिक असतो.

सक्तीच्या विम्याचे दर केंद्र सरकार जाहीर करते. १ जून २०२२ पासून लागू झालेले दुचाकींचे दर असे (कर वेगळा):

७५ सीसीपर्यंत : ५३८ रुपये
७५ ते १५० सीसी : ७१४ रुपये
१५० ते ३५० सीसी : १,३६६ रुपये
३५० सीसीच्या वर : २,८०४ रुपये

खाजगी मोटारींसाठी हेच दर १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये असे आहेत.

आता हे आकडे पाहून दोन प्रश्न पडायला हवेत. शिरोळच्या एखाद्या घरातली शंभर सीसीची गाडी आणि पाहुण्यांकडून आलेली ३९० सीसीची गाडी एकाच रस्त्याने नृसिंहवाडीला जातात. मग एकीला ७१४ आणि दुसरीला जवळजवळ चौपट हप्ता का? दुसरा प्रश्न असा, की तीच गाडी पन्नाशीच्या गृहस्थांनी चालवली काय किंवा नुकताच परवाना मिळालेल्या अठरा वर्षांच्या मुलाने चालवली काय, हा हप्ता बदलत नाही. दोघांपासूनचा धोका खरोखरच सारखा असतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. दुसऱ्याचे काही अंशी संभाव्यतेच्या गणितात आहे आणि काही अंशी आपल्या घरात.

पुष्कळांची वर्गणी

प्रथम विमा चालतो कसा ते पाहू. अशी कल्पना करा, की एका तालुक्यात १,००० मोटारसायकली आहेत आणि वर्षभरात प्रत्येकीच्या हातून मोठा अपघात होण्याची संभाव्यता हजारात एक आहे. अपघात झालाच, तर १० लाख रुपये भरपाई द्यावी लागते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. सरासरीने वर्षाला एक अपघात होईल. म्हणून प्रत्येकाने १,००० रुपये वर्गणी दिली, तर १० लाख जमतात आणि हिशेब जुळतो.

पण सरासरी एक म्हणजे दरवर्षी नेमका एकच अपघात असे नव्हे. संभाव्यतेचे गणित सांगते, की अशा १०० वर्षांपैकी सुमारे ३७ वर्षांत एकही अपघात होणार नाही आणि सुमारे २६ वर्षांत दोन किंवा अधिक होतील. त्या २६ वर्षांत वर्गणी अपुरी पडेल आणि कोणातरी अपघातग्रस्ताचे कुटुंब भरपाईविना राहील.

आता १,००० ऐवजी १० लाख गाड्या घेऊ. सरासरी अपघात १,०००. अशा वेळी होणारा चढउतार ढोबळमानाने सरासरीच्या वर्गमूळाइतका असतो. १,००० चे वर्गमूळ सुमारे ३२, म्हणजे सरासरीच्या केवळ ३ टक्के. थोडीशी शिल्लक बाजूला ठेवली, की प्रत्येकाची भरपाई भागते. कोणाच्या हातून अपघात होईल हे कोणीच सांगू शकत नाही. पण एकूण किती होतील हे बरेच अचूक सांगता येते. याला 'मोठ्या संख्यांचा नियम' म्हणतात. याकोब बर्नोली या स्विस गणितज्ञाने दिलेली त्याची सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाली. धूमकेतूमुळे तुम्हाला माहीत असलेला एडमंड हॅले यानेही १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातील मृत्यूंच्या नोंदींवरून वयोमानाचे कोष्टक मांडले होते आणि आयुष्यभर मिळणाऱ्या वार्षिक रकमेची किंमत त्यावरून कशी काढावी हे दाखवले होते.

यावरून हप्त्याचे मूळ सूत्र मिळते:

हप्ता = अपघाताची संभाव्यता × अपघातातील सरासरी हानी (अधिक कंपनीचा खर्च)

या गुणाकारातली कोणतीही एक संख्या वाढली, की हप्ता वाढतो. वेगवान गाडीच्या बाबतीत दोन्ही संख्या वाढतात.

हानी कशाने वाढते?

चालत्या गाडीची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग इतकी असते. ताशी ४० किलोमीटरचा वेग ८० केला, तर वेग दुप्पट आणि ऊर्जा चौपट होते. धडकेच्या वेळी ही सगळी ऊर्जा पत्रा वाकवण्यात, हाडे मोडण्यात आणि थोडीशी आवाजात खर्च होते.

ज्यूलमध्ये उत्तर काढले, तर त्याचा अंदाज येत नाही. म्हणून ही ऊर्जा उंचीत मोजू. एखादी वस्तू किती उंचीवरून पडली असता तेवढाच वेग मिळेल, हे वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागून मिळते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. त्यासाठी उंची ६.३ मीटर येते. म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडणे. ताशी ८० किलोमीटरला ती २५ मीटर होते. म्हणजे आठ मजली इमारतीवरून पडणे. गच्चीच्या कडेला आपण जपून उभे राहतो, कारण खालची जमीन दिसते. वेगाची ही उंची डोळ्यांना दिसत नाही.

उसाच्या ट्रॉलीमागे

आता संभाव्यता कशी वाढते ते पाहू. त्यासाठी आपल्याच रस्त्यावरचे उदाहरण घेऊ. गळीत हंगाम सुरू झाला, की जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड या भागातल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ऊस वाहून नेणाऱ्या बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक असतात. एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी आहे. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. दोन मोटारसायकली मागून येत आहेत. एक ताशी ६० किलोमीटर वेगाने, दुसरी ८० ने. दोघांनाही दिव्याच्या उजेडात ती ट्रॉली ४० मीटर अंतरावर दिसते.

दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ६ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करतात असेही धरू.

पहिली गाडी (सेकंदाला १६.७ मीटर): एका सेकंदात १६.७ मीटर पुढे जाते. नंतर ब्रेक लागून थांबायला २३.१ मीटर लागतात. एकूण ३९.८ मीटर. ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर ती थांबते.

दुसरी गाडी (सेकंदाला २२.२ मीटर): पहिल्या सेकंदात २२.२ मीटर जाते. ट्रॉलीपर्यंत आता १७.८ मीटर उरले. तेवढ्या अंतरात ब्रेक लावून वेग किती कमी होईल? 'अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग वजा दोन गुणिले मंदन गुणिले अंतर' हे समीकरण वापरा. उत्तर सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर येते.

हे उत्तर पुन्हा एकदा वाचा. जिथे पहिली गाडी सुखरूप थांबली, तिथे दुसरी ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळते. वेगातला फरक फक्त २० चा होता. धडकेतला फरक शून्य आणि ६० एवढा झाला. रस्त्यावर फडातून आलेला ओला चिखल असेल, तर मंदन आणखी कमी होते आणि पहिली गाडीही थांबत नाही.

भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वर्गवारीत त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाखाली नोंदले आहेत. वरचे गणित केल्यावर या आकड्याचे आश्चर्य वाटू नये.

सीसी म्हणजे शक्ती नव्हे

सरकारी दरपत्रक इंजिनाच्या सिलिंडरचे घनफळ पाहते, म्हणजेच सीसी. पण वेग घेण्याची क्षमता शक्तीवर आणि वजनावर अवलंबून असते. शक्ती म्हणजे एकक वेळात पुरवलेली ऊर्जा. स्वारासह २०० किलो वजनाच्या गाडीला स्थिर अवस्थेतून ताशी ८० किलोमीटरपर्यंत नेण्यासाठी सुमारे ४९,४०० ज्यूल लागतात. ८ किलोवॅटचे इंजिन ते सव्वासहा सेकंदांत देईल, ३० किलोवॅटचे दोन सेकंदांच्या आत. हवेचा रोध आणि गिअर बदलणे यांमुळे प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. परंतु तुलना स्पष्ट आहे. पहिल्या गाडीवरच्या मुलाला आपण फार वेगात चाललो आहोत हे उमजायला काही सेकंद मिळतात. दुसऱ्याला ते मिळत नाहीत.

सीसीची फूटपट्टी म्हणूनच ढोबळ आहे. ३४९ सीसीच्या बुलेटची शक्ती सुमारे १५ किलोवॅट. तिच्याहून बरीच हलकी असलेली पल्सर एनएस २०० सुमारे १८ किलोवॅट देते. दोघींचा सक्तीचा हप्ता मात्र एकच, १,३६६ रुपये. विजेवर चालणाऱ्या वाहनाला तर सिलिंडरच नाही. म्हणून तिथे किलोवॅट मोजतात. पण मोटारींची शेवटची पायरी ६५ किलोवॅटवर संपते. त्यापुढे १०० किलोवॅटची घरगुती मोटार आणि ४०० किलोवॅटची शर्यतीच्या तोडीची मोटार दोघींनाही ६,७१२ रुपयेच पडतात.

मग महागड्या वेगवान मोटारींचा विमा इतका महाग कसा? तो फरक ऐच्छिक भागात, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात असतो. गाडीची घसारा वजा जाता उरलेली किंमत, सुट्या भागांची किंमत आणि वर्षे यांवर तो ठरतो. देशासाठी आखलेल्या दरपत्रकात पुणे, मुंबईसह आठ मोठी शहरे 'अ' विभागात आणि शिरोळसारखी गावे 'ब' विभागात ठेवली होती. कारण गर्दीच्या शहरात अपघाताची संभाव्यता निराळी. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांवर सोपवले गेले. वर्षभर भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी या भागात २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते.

सतरा वर्षांच्या मुलाची प्रतिक्रिया

आता दुसरा प्रश्न. ब्रिटन, अमेरिका यांसारख्या देशांत कुटुंबातला मुलगा किंवा मुलगी गाडी चालवू लागली, की विम्याचा हप्ता एकदम वाढतो. गाडी वेगवान असेल तर आणखी वाढतो. कंपन्या हे रागलोभाने करत नाहीत; नोंदींवरून करतात. अमेरिकेतील नोंदी सांगतात, की चालवलेल्या प्रत्येक मैलामागे १६ ते १९ वयाच्या चालकांच्या जीवघेण्या अपघातांचे प्रमाण वीस वर्षांवरील चालकांच्या जवळजवळ तिप्पट आहे.

याचे कारण काय? प्रतिक्रियेचा वेग नव्हे. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेजवळ उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली, की ती पकडा. पट्टी २० सेंटिमीटर पडली असेल, तर तुमचा प्रतिक्रियाकाळ ०.२ सेकंद. हाच प्रयोग वडिलांवर करा; बहुधा तुम्ही जिंकाल.

पण पट्टीच्या प्रयोगात काय होणार आहे आणि कुठे पाहायचे आहे, हे आधीच ठाऊक असते. रस्त्यावर ते ठाऊक नसते. अनुभवी चालकाला पुढच्या वळणावर ट्रॉली असू शकते हे हंगामाच्या दिवसांत आपोआप सुचते आणि त्याचा हात अगोदरच अॅक्सिलरेटरवरून सैल होतो. नवख्याची बोटे चपळ असतात. परंतु धोका ओळखायला त्याला उशीर होतो. त्यात मागे दोन मित्र बसलेले असले किंवा रात्र असली, की भर पडते. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. आधी रात्री चालवण्यास आणि मित्रांना बसवण्यास बंदी, अनुभव वाढेल तशी मोकळीक.

आपल्याकडे सक्तीचा हप्ता वाहनाकडे पाहतो, चालकाच्या वयाकडे पाहत नाही. नवख्या चालकामुळे वाढणारा धोका सर्व वाहनधारकांच्या वर्गणीत वाटला जातो. मात्र याला एक मर्यादा आहे. ती आपल्या भागातल्या पुष्कळ घरांना नेमकी माहीत नसते.

वर्गणीच्या बाहेरचा मुलगा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्याचे किमान वय १८ आहे. अपवाद एकच. सोळा पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी परवाना घेऊन चालवता येते. 'आमच्या स्कूटरला गिअर नाही, त्यामुळे चालते' असे अनेक जण समजतात. ती स्कूटर बहुधा ११० सीसीची असते. म्हणजे चालत नाही.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या १९९-अ या कलमानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला हे माहीत नव्हते, किंवा आपण ते रोखण्याचा पुरेसा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते.

दंडापेक्षा मोठा हिशेब विम्याचा आहे. परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने जाणूनबुजून गाडी दिली, तर तो विम्याच्या कराराचा भंग ठरतो. अपघातग्रस्ताचे कुटुंब उघडे पडू नये, म्हणून न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात हे तत्त्व मांडले.

ती रक्कम किती असू शकेल? मृत व्यक्ती ३० वर्षांची, महिना २०,००० रुपये कमावणारी, स्वतःचा व्यवसाय करणारी आणि तिच्यावर चार माणसे अवलंबून, असे समजा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या पद्धतीने भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवा: २८,०००. स्वतःच्या खर्चासाठी एकचतुर्थांश वजा करा: २१,०००. बारा महिन्यांचे २,५२,०००. या वयासाठी गुणक १७. उत्तर ४२,८४,००० रुपये. शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या रकमा वेगळ्या.

७१४ रुपयांच्या वर्गणीने जे ओझे लाखो वाहनधारकांत वाटले गेले असते, ते असे एका घरावर येऊन पडते. मोठ्या संख्यांचा नियम तिथे मदतीला येत नाही, कारण तिथे संख्या एकच असते. एवढी रक्कम उभी करायला शेतकरी घराला जमीन विकावी लागेल. गाडीच्या मोडतोडीची भरपाई कंपनी नाकारू शकते. मालक-चालकासाठी असलेला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही परवाना असलेल्या मालकासाठीच असतो. त्या मुलाच्या हातापायांसाठी तो नसतो.

ही गोष्ट केवळ मोटारसायकलींची नाही. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये पोर्शे बनावटीच्या मोटारीची दुचाकीला धडक बसून दोन तरुण अभियंते मृत्यू पावले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. त्या प्रकरणाच्या न्यायालयीन बाजूत आपण शिरणार नाही. आपल्या सूत्रात मात्र ते बसवून पाहा: मोठी शक्ती, मोठे वस्तुमान, रात्रीची वेळ आणि कमी अनुभव. गुणाकारातला प्रत्येक घटक एकाच दिशेने वाढलेला होता. आणि जी दोन माणसे गेली, त्यांची भरपाई कोणत्याही हप्त्यात बसत नाही.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी पट्टीचा प्रयोग सगळ्या वर्गाकडून करून घ्यावा. प्रत्येकाने पाच वेळा पट्टी पकडून अंतरे लिहावीत. एका विद्यार्थ्याची पाच उत्तरे बरीच मागेपुढे होतील. चाळीस जणांची सरासरी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, तर जवळपास तेवढीच येईल. बर्नोलीचा नियम आणि विम्याचा पाया तुम्हाला फळ्यावर दिसेल. त्यानंतर ताशी ३०, ४०, ५०, ६० आणि ८० किलोमीटर वेगांसाठी थांबण्याची अंतरे काढा आणि शाळेच्या मैदानावर टेपने मोजून चुन्याच्या रेघा ओढा. ८० ची रेघ ६३ मीटरवर येते. तिथपर्यंत चालत जा आणि मागे वळून पाहा.

शेवटी घरचा विम्याचा कागद घेऊन त्यावरच्या चार गोष्टी वहीत लिहा: विम्याची मुदत कधी संपते, इंजिन किती सीसीचे आहे, सक्तीचा हप्ता किती आहे, आणि वाहन कोणी चालवावे याविषयी छापलेली अट काय आहे. ही शेवटची अट आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवा.